माझा धीराचा आवाज

आधीच सांगून टाकते, मी बढाई मारणार आहे. काचीगुड्यातल्या मराठी घरांमध्ये कुणी पडलं, झडलं, कुणाचा रिपोर्ट वाईट आला, की डॉक्टरच्या पाठोपाठ मला फोन येतो. "वहिनी, जरा येऊन जा हो. तुम्ही येऊन बसलात की बरं वाटतं." हे मी माझ्याच तोंडानं सांगायला नको, पण मग दुसरं कोण सांगणार? पस्तीस वर्षं मी हे करत आलेय, आणि फुकटात.

आमच्याकडे ह्याला समाचाराला जाणं म्हणतात. लोकांना वाटतं त्यात काय, जायचं, चार शब्द बोलायचे, बिस्किटं ठेवायची, यायचं. अहो, तसं असतं तर कुणीही केलं असतं! उभ्या उभ्या धीर देता येत नाही, ही पहिली गोष्ट. चपला काढून आत जाऊन बसायचं. बसलं की पाणी मागायचं, तहान असो नसो. पाणी मागितलं की घरातली बाई आत जाते, तिच्या हातांना क्षणभर काम मिळतं, आणि येताना पदरानं तोंड पुसून येते. "काय झालं?" हे तर कधीच विचारायचं नाही. ते तिनं सकाळपासून वीस जणांना सांगितलेलं असतं. मनगट धरायचं, आवाज खाली आणायचा, आणि मग बोलायचं.

काय बोलायचं ते ज्याच्या त्याच्या भाषेत. माझ्याकडे तिन्ही भाषा आहेत, देवाच्या दयेनं. वरच्या मजल्यावरची तेलुगू बाई घाबरली की मी म्हणते, "एम् कादु अम्मा." गल्लीच्या तोंडाशी ब्लाऊज शिवणाऱ्या आपा आहेत, त्यांना म्हणायचं, "कुछ नहीं होता जी, फिकर नक्को करो." आणि आपल्या माणसांना, "काही होत नाही." तिन्हींचा अर्थ एकच. पुण्याकडचे लोक "काही होणार नाही" म्हणतात. मला ते कच्चं वाटतं. होणार नाही म्हणजे काय, ज्योतिष सांगताय का? आमचं "काही होत नाही" कसं ठाम आहे, सूर्य पश्चिमेला उगवत नाही म्हणावं तसं. चार पिढ्या ह्या शहरात काढल्या, तेव्हा कुठं आमच्या मराठीत हे मुरलं. कुणी आमच्या मराठीला हसलं की माझं डोकं फिरतं.

तर अशा घरात सात वर्षांपूर्वी पुण्याची सून आली. पोरगी हुशार, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या जागेवर, आठवड्यातले चार दिवस घरूनच काम. स्वभावानं चांगली, कामाला वाघ. मला "अहो आई" म्हणते, ते आधी कानाला खटकायचं, मग आवडायला लागलं. पण धीर देणं म्हणून जे काही असतं, ते तिच्या अंगात औषधालासुद्धा नव्हतं.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील. शेजारच्या इमारतीतल्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. मी तिला सोबत नेलं, म्हटलं शिकेल. आम्ही सगळ्या बायका आजोबांभोवती बसलोय, काही होत नाही, पंधरा दिवसांत पळायला लागाल, असं चाललंय, आजोबा हसायलासुद्धा लागलेत. आणि ही बाई मध्येच विचारते, "डॉक्टरांनी किती महिने सांगितलेत? ह्या वयात हाड नीट जुळतं का?" आजोबांचं हसू गेलं. परतताना जिन्यातच मी तिला फैलावर घेतलं.

"मग काय बोलायचं होतं?" तिनं शांतपणे विचारलं. "पंधरा दिवसांत ते पळणार नाहीत, आई. त्यांनाही ते माहीत आहे."

"माहीत असलं म्हणून काय झालं? तोंडावर बोलायचं असतं का?"

"मला खोटं बोलायला जमत नाही."

"हे खोटं नाही गं बाई, हा धीर आहे!"

निघताना तिनं आजोबांना काय म्हटलं माहितीय? "काळजी घ्या." घ्या! म्हणजे आधीच बिछान्यात पडलेल्या माणसाला वर अजून एक काम लावून आली. त्यानंतर मी तिला समाचाराला नेणं बंद केलं. नातेवाइकांत सांगायचे, सून गुणाची आहे, पण तिला बोलता येत नाही.

आता मुद्द्याचं. आमचे हे सिकंदराबादला रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत. साखर वीस वर्षं जुनी. तीन वर्षांपूर्वी ह्यांनी नवीन सँडल घेतली आणि ती घालून रोज सकाळी फिरायला जायला लागले. सँडल चावली, फोड आला, फोड फुटला. साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं कळत नाही, तसं ह्यांनाही कळलं नाही. एक दिवस मोजा काढताना तो ओला लागला आणि वास आला. सुनेनं बघितलं, मला हाक मारली. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली होती. करंगळी तर अगदी कोळशासारखी.

तासाभरात आम्ही नल्लकुंट्याच्या दवाखान्यात होतो. मुलगा त्या आठवड्यात कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला गेलेला. म्हणजे धावपळीला मी आणि सून, दोघीच. डॉक्टरांनी तपासलं, बँडेज बांधलं, एक्स-रे काढला, रक्त घेतलं, आणि आम्हा दोघींना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तेलुगू माणूस, वयानं तरुण, बोलायला सरळ. म्हणाले, दोन बोटं काढावी लागतील. उद्या दुपारपर्यंत काढली तर पाऊल बहुतेक वाचेल. उशीर झाला आणि जंतू वर चढले, तर पाय घोट्यावरून काढायची पाळी येईल. पेशंट शुद्धीवर आहे, तेव्हा कागदावर सही त्यांचीच लागेल. "मी सांगू त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको, नको," मी म्हटलं. "आम्ही सांगतो. आमच्या पद्धतीनं."

आमची पद्धत म्हणजे काय, ते मराठी घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. रिपोर्ट घरातल्या सगळ्यांना दाखवायचा, फक्त ज्याचा आहे त्याला सोडून. मी सुनेला बजावलं, "बोटं काढणार हा शब्द काढायचा नाही. साफ करणार आहेत म्हणायचं. सही झाली की झालं. मग बाहेर आल्यावर बघू." ती रिपोर्टच चाळत राहिली. मला वाटलं, चला, शहाणी झाली.

मी आत गेले. खुर्ची ओढून बसले, पाणी प्याले, ह्यांचं मनगट धरलं आणि माझा तो आवाज काढला. "काही होत नाही बघा. थोडंसं साफ करतात, दोन दिवसांत घरी. डॉक्टर इतका चांगला आहे! मी आहे ना."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मला घरी घेऊन चल."

"अहो, साफ करायचंय नुसतं..."

"काही होत नाही म्हणालीस ना? मग घरी चल. सही नाही करायची मला."

मला वाटलं, रागावलेत. थोड्या वेळानं पुन्हा बसले. अजून गोड बोलले. देवाचं नाव घेतलं, मुलाचं नाव घेतलं. मुलाला फोन लावून दिला, तोही पडद्यावरून, "बाबा, काही नाही हो, छोटंसं आहे." वरच्या मजल्यावरची तेलुगू बाई डबा घेऊन आली होती, तिचंही "एम् कादु" म्हणून झालं. ह्यांचं एकच, घरी चला. जितकं आम्ही समजावलं तितके ते आत आत जायला लागले. रात्रीचं जेवणही नको म्हणाले. इतक्या वर्षांत माझा हात असा कधी रिकामा परत आला नव्हता, आणि आला तो माझ्याच घरात. मला नवऱ्याचा इतका राग आला की डबा आपटून मी घरी गेले. सून दवाखान्यात थांबली.

सकाळी चहाचा थर्मास घेऊन पोचले, तर नर्स ह्यांच्या पायाशी उभी होती. आदल्या संध्याकाळी तिनं पावलावर जिथपर्यंत लाली आली होती तिथं बॉलपेननं रेघ ओढून ठेवली होती. लाली त्या रेघेच्या वर इंच-दीड इंच सरकली होती. रेघेपासून घोटा किती लांब आहे ते मी डोळ्यानं मोजलं. नर्स बाहेर जाताना एवढंच म्हणाली, "डॉक्टर दहाला येतात. सही झाली पाहिजे."

मी लगेच खुर्ची ओढली. "अहो, ऐका तरी माझं. काही होत—"

"आई," सून म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसता का?"

माझ्या नवऱ्यासमोर मला गप्प बस म्हणणारी अजून जन्माला यायची आहे, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं. तोंड उघडलं होतं मी, चांगलं खरपूस सुनावणार होते. पण तिचा चेहरा बघितला. डोळे सुजलेले, केस तसेच. सगळी रात्र बसून काढली होती बिचारीनं. मी थर्मास धरून उभी राहिले.

ती पलंगाच्या कडेला बसली. ना मनगट धरलं, ना आवाज खाली आणला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते त्याच आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय तुम्हाला?"

तिनं घाई केली नाही. तेवढ्यात बाहेर कुणाची तरी ट्रॉली गेली, तिचा आवाज संपेपर्यंत ती थांबली.

"कॅन्सर," हे म्हणाले.

कॅन्सर? कुठला कॅन्सर? कुणी काढलं हे?

"असं का वाटतंय?" सुनेनं विचारलं.

"तुझी सासू," हे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "तिच्या वडिलांना पोटाचा झाला होता, तेव्हा सात महिने ती ह्याच आवाजात बोलत होती. अल्सर आहे म्हणायची. काही होत नाही म्हणायची. मनगट असंच धरायची. मी तिथंच उभा असायचो ना. काल तिनं तो आवाज काढला आणि मला कळलं. उगीच कापाकापी कशाला मग? घरी मरू द्या."

मी म्हणाले, "अहो, माझ्या वडिलांना काही कळलं नव्हतं. शांतपणे गेले ते." माझा आवाज चढला होता. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई होती. सात महिने मी माझ्या बापाला भीतीची सावलीसुद्धा शिवू दिली नव्हती. कुणाला मी ते सांगत नसे, पण मनातून मला त्याचा अभिमान होता.

"पहिल्या महिन्यातच कळलं होतं त्यांना," हे म्हणाले. आता माझ्याकडे बघून. "मला म्हणाले, जावईबापू, तिला सांगू नका मला कळलंय म्हणून. तिला बोलून बरं वाटतं, बोलू द्या."

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीत. सात महिने मी माझ्या बापाला धीर देत होते आणि तो मला देत होता. मला पत्तासुद्धा नाही. आणि ह्या माणसानं ही गोष्ट सव्वीस वर्षं पोटात ठेवली.

सुनेनं माझ्याकडे एकदा बघितलं, पण थांबली नाही. थांबायला वेळ नव्हता. तिनं मोबाईल काढला आणि बँडेज बांधायच्या आधी घेतलेला पायाचा फोटो ह्यांच्यासमोर धरला. मी झटकन पुढं झाले, कारण असा फोटो पेशंटला दाखवतात का कुठं? पण तोवर ह्यांनी चष्मा मागून घेतला होता.

"कॅन्सर नाहीये बाबा. हे बघा. ही दोन बोटं मेली आहेत. ती काढायचीत. साफ करायचं नाहीये, काढायचीत."

"दोनच?"

"दोन. आज काढली तर. डॉक्टर म्हणाले पाऊल बहुतेक वाचेल. बहुतेक म्हणाले, नक्की म्हणाले नाहीत. काल संध्याकाळपासून लाली इंच-दीड इंच वर चढलीय. अजून चढली तर पाय घोट्यापासून जाईल. आणि तुम्ही घरी गेलात तर मग तुम्ही खरंच मराल."

मी डोळे मिटून घेतले. असं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि मला हसण्याचा आवाज आला. डोळे उघडले तर हे हसायलेत! खोकत खोकत, उशीला टेकून.

"म्हणजे मी मरायलो नाही?"

"आज तरी नाही."

"दोन बोटांसाठी एवढं नाटक? अगं, आधी नाही का सांगायचं! पेन कुठाय? चहा आणलास का गं तू?"

हे शेवटचं मला होतं. ऑपरेशनच्या आधी काही प्यायचं नसतं, नर्सनं तो चहा ओठांपर्यंत जाऊ दिला नाही, ती गोष्ट वेगळी. पण सही झाली. दहाला डॉक्टर आले तेव्हा कागद तयार होता. साक्षीदाराच्या रकान्यात एक सही माझी, एक सुनेची. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "काय करणार आहोत ते समजलंय ना?" ह्यांनी तेलुगूत, दोन बोटं वर करून, ऐटीत सांगितलं.

एक सांगू? त्या क्षणी मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा अभिमान जास्त वाटला. ज्या पोरीला बोलता येत नाही म्हणून मी गावभर सांगत फिरले, तिनं पाच मिनिटांत ते केलं जे आम्हा सगळ्यांना मिळून तीन भाषांत जमलं नव्हतं. भीती काय आहे ते तिनं आधी विचारलं. एवढंच. मी इतक्या वर्षांत ते कुणाला विचारलं नव्हतं. काय झालं हे विचारायचं नाही, हा माझाच नियम.

ह्यांना ट्रॉलीवरून नेताना मी शेजारून चालत होते. दारापाशी ट्रॉली थांबली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. सगळा काचीगुडा ज्या बाईला बोलावतो, तिच्या तोंडून शब्द फुटेना. काही होत नाही म्हणायची माझी हिंमतच नव्हती. शेवटी म्हणाले, "मी इथंच बसलेय. ह्या बाकावर. चहालासुद्धा उठणार नाही."

"हौ," हे म्हणाले, आणि दार लागलं.

बाकावर आम्ही दोघी. अर्धा तास सून सरळ बसली होती. मग एकदम तिचे खांदे हलायला लागले. चार वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. तिला धड रडताही येत नाही, उचकी लागल्यासारखी रडते.

"मी त्यांना सही करायला लावली, आई. आत काही झालं तर? डॉक्टर बहुतेकच म्हणाले होते. मी चुकले असले तर?"

काही होत नाही, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. सवयच ती. मी ते गिळले. तिचं मनगटही धरलं नाही, तिचं डोकंच माझ्या खांद्यावर ओढलं. "हे बघ बेटा, काय होईल ते मला ठाऊक नाही. पण चुकलीस तर दोघी मिळून चुकलोय. त्या कागदावर माझीपण सही आहे. कुणी विचारलं तर पहिलं नाव माझं सांगायचं, माझी सही वर आहे."

ती रडता रडता हसली. "वर माझी आहे, आई. तुमची खाली."

"बरं, असू दे. पण मी मोठी आहे."

मग रडायचं थांबली ती. नाक पुसलं, मोबाईल काढला, आणि मुलाला मेसेज केला. तीन ओळींचा, जसं आहे तसं. मी तो वाचला आणि एक अक्षर बदलायला सांगितलं नाही.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. दोन बोटं गेली, पाऊल आहे, म्हणाले. पुढचे आठ-दहा दिवस जखम कशी भरते त्यावर सगळं. सून लगेच प्रश्न विचारायला लागली, किती टक्के, कुठली औषधं, कधी कळेल, आणि मी पहिल्यांदाच तिच्या शेजारी उभी राहून सगळी उत्तरं ऐकली. नाहीतर अशा वेळी मी नेहमी पाणी आणायला निघून जाते. हे माझंही मला तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर समाचाराला रांग लागली. लागणारच, मी कुणाकुणाच्या घरी गेले नव्हते! बायका यायच्या, ह्यांच्याजवळ बसायच्या, काही होत नाही म्हणायच्या. हे प्रत्येकीला सांगायचे, "होतं हो. दोन बोटं गेली ना. पण बाकीचं आहे." कुणीकुणी दचकायचं. ब्लाऊजवाल्या आपा मात्र खुर्ची जवळ ओढून बसल्या आणि आपल्या मधुमेहाबद्दल एक तास बोलल्या. त्यांनी सुनेकडून स्वतःचे तळवे तपासून घेतले. मी पोहे केले. माझ्या घरात सून समाचार चालवतेय आणि मी पोहे करतेय, हे चित्र मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण छाती फुगली होती माझी, का नाही फुगणार?

आणि मग दहाव्या दिवशी बँडेज उघडायचं होतं. त्या दिवशी ठरणार होतं, जखम भरतेय की पुन्हा कापावं लागणार. आम्ही तिघं दवाखान्यात. ह्यांना पलंगावर आडवं केलेलं, पाय उशीवर. पोट सुटलेलं, मान वर करून पावलाची खालची बाजू दिसेना. नर्स एकेक पट्टी सोडवायला लागली. शेवटची पट्टी चिकटली होती, तिच्यावर पाणी टाकून ती थांबली. ह्यांचा हात पलंगाच्या दांडीवर आवळलेला.

सून पायाशीच उभी होती, सवयीनं. मी डोक्याशी, मीही सवयीनं.

"तू बघ," हे म्हणाले.

सून पुढं वाकली.

"ती नाही," हे म्हणाले. "तू. तू बघ आणि सांग."

मी पायाशी गेले. सून बाजूला झाली. नर्सनं पट्टी उचलली. मी आयुष्यात पहिल्यांदा असं काही बघितलं, डोळे न फिरवता. बोटांच्या जागी नुसती शिवण, काळ्या दोऱ्याची, वाकडीतिकडी. मी खाली वाकले, अजून जवळ गेले, वास घेतला. तळवा बघितला. हलकेच टाचेला बोट लावून बघितलं.

"वाईट दिसतंय," मी म्हणाले. माझा आवाज कसाही निघाला, घोगरा, फाटका. "लालभडक आहे. कडेला थोडं सुजलंय. एका टाक्यापाशी पाणी आलंय, ते डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. पण काळं कुठंच नाही. वासही नाही."

"काळं नाही?"

"नाही."

ह्यांनी दांडीवरचा हात सोडला, डोकं उशीवर टाकलं आणि डोळे मिटून घेतले. खरं आहे का, म्हणून सुनेकडे बघितलंसुद्धा नाही.